ओळख न देणाऱ्या काकू

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळातल्या अकोल्याच्या काकूंइतकी विसरभोळी बाई अख्ख्या राजस्थानात सापडणार नाही, असं आम्ही सगळे छातीठोकपणे सांगायचो. यजमान रेल्वेत, बदलीवर आलेले. माझ्या आईनं सलग सहा वर्षं त्यांना हळदीकुंकवाचं वाण दिलं आणि सहाही वर्षं त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणत्या?" मंडळाच्या खजिनदारांना तर त्यांनी केटररचा माणूस समजून मठ्ठा वाढायला लावलं. रस्त्यात समोरून आल्या तर नजर सरळ आरपार जायची. आई त्यांना शिष्ट म्हणायची. त्या सरकारी दवाखान्यात कसलंसं समुपदेशन करतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

कसलं, ते मला कळलं त्याची हकिगत अशी. ऑफिसच्या ट्रेनिंगला परगावी गेलो असताना एका मुलीशी संबंध आला, आणि कंडोम वापरला नाही. परत आल्यावर धास्तीनं जेवण जाईना. नेटवर कोणी दहा दिवस थांबा म्हणे, कोणी सहा महिने. इकडे माझ्या लग्नाची बोलणी चाललेली, मुलीकडचे होकाराची वाट बघत होते. शेवटी जगतपुऱ्यातल्या घरापासून जमेल तितकं लांबचं एचआयव्ही तपासणी केंद्र शोधून आत शिरलो, तर खुर्चीत काकू. मी झटकन हिंदीत बोलायला लागलो. त्यांनीही हिंदीतच विचारलं, किती दिवस झाले? मी बोटांवर मोजू लागलो, आणि माणूस मोजतो ते आपल्याच भाषेत. सतरा, अठरा, एकोणीस. काकूंनी पेन खाली ठेवलं.

"आता मराठीतच सांग. काहून इतका घाबरून राह्यला?"

मग त्यांनी नीट समजावलं. बहात्तर तासांत आलो असतो तर औषध सुरू करता आलं असतं, ती वेळ गेली. आजच्या तपासणीतून त्या दिवसाचं काही कळणार नाही. सहा आठवड्यांनी एकदा यायचं, तीन महिन्यांनी पक्कं करायचं, तोवर लग्नाला होकार द्यायचा नाही आणि नेट उघडायचं नाही. तरी मी पंचविसाव्या दिवशी गेलो, एकतिसाव्याही गेलो. दोन्ही वेळा चहा पाजून त्यांनी मला परत पाठवलं. माझा दिवस कितवा, हे त्यांना माझ्याआधी माहीत असायचं.

मधेच कानोत्याच्या धरणावर मंडळाची सहल निघाली. पंगतीत भाजी वाढताना काकू माझ्यापाशी थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "हा कोणाचा जी?" आई घरी पोचेपर्यंत धुसफुसत होती. मी मान खाली घालून जेवत होतो. पंगतीत आणखी दोघंतिघं तसेच जेवताना दिसले. त्यांत खजिनदारही होते.

तीन महिन्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी रडलो, काकूंनी रडू दिलं. त्याच संध्याकाळी मी घरी होकार सांगितला.

यंदा यजमानांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी बायकोसह पाया पडलो. काकूंनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझं नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. त्या गेल्या, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. मंडळात आता सगळे मला ओळखतात, पण घाबरलो तर ज्याच्याकडे जावं असं कोणी उरलेलं नाही.