जाऊबाईंसाठी एक बाटली

रायपूर राजधानी होऊन थोडाच काळ झाला होता. मंत्रालय तेव्हा एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं आणि मी तिथेच नोकरीला. "मॅडम, आपकी टेबल जहाँ है ना, वहीं पहले मरहमपट्टी होती थी," असं सांगून सहकारी मला छळायचे. रक्त दिसलं की मला घेरी येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी भाजी चिरताना बोट कापलं, की मी डोळे मिटून हात पुढे करायची. थोरल्या जाऊबाई हळद दाबून चिंधी बांधायच्या आणि म्हणायच्या, "झालं, उघड आता डोये."

त्याच जाऊबाईंनी स्वतःचं दुखणं मात्र कित्येक महिने लपवलं. पाळी थांबतच नव्हती. एकदा गोल बाजारात आम्ही दोघी कुकर बघायला गेलो आणि त्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. ओठ पांढरेफटक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गर्भपिशवी काढावी लागेल, पण आधी रक्त चढवायचं. ते रक्तपेढीतून मिळणार होतं. बदल्यात घरच्या कोणीतरी द्यायचं, गट कोणताही चालेल.

भासऱ्यांना, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याला, इन्सुलिन चालू होतं. माझ्या नवऱ्याला नुकतीच कावीळ होऊन गेलेली. दोघांनाही रक्तपेढीनं परत पाठवलं.

"मी देते," मी बोलून बसले.

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "तुयाच अंगात काय आहे? बाईमाणसानं रक्त दिलं तं घर कोण पाहीन?"

खाटेवरून जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे वो. चक्कर येऊन पडशीन."

"पडली तं पडली. तुम्ही नाही का पडल्या बाजारात?"

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. वाटेत दोनदा सांगावंसं वाटलं, वळवा गाडी. तिथल्या मुलीनं माझं वजन केलं. काठावर पास. मग बोटाला सुई टोचली आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. मी भिंतीकडे बघत होते. "डूब गया दीदी, खून अच्छा है आपका," ती म्हणाली. लहानपणापासून मला सगळे अशक्त म्हणत आले होते. हे कौतुक मला फार आवडलं.

खुर्चीवर आडवी झाले. तिनं हातात रबरी चेंडू दिला. मी डोळे घट्ट मिटले, तर ती छत्तीसगढीत म्हणाली, "झन डर दीदी, मोला देख." मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कानात चांदीची फुलं होती. सुई शिरली तेव्हा मी नवऱ्याचा हात करकचून धरला. थोड्या वेळानं तोच हात गार पडला. पाहते तर हेच घामाघूम! त्यांना स्टुलावर बसवून पाणी द्यावं लागलं. मला इतकं हसू आलं, की मुलगी म्हणाली, "दीदी, हाथ मत हिलाओ."

शेवटी तिनं रक्तानं भरलेली पिशवी माझ्या तळहातावर ठेवली. मी डोळे मिटले नाहीत. ती ऊनऊन होती, दूध भरलेल्या पेल्यासारखी.

उठताना मात्र व्हायचं तेच झालं, डोळ्यांपुढे अंधारी. पाय उशांवर ठेवून पडून राहिले, सरबत प्याले, बिस्किटं खाल्ली आणि बरी झाले.

जाऊबाईंना चढवलं ते दुसऱ्याच कुणाचं रक्त होतं. तसं मी त्यांना सांगितलंही.

"कोणाचं असन गं?" त्या नळीकडे पाहत म्हणाल्या.

"काय माहीत."

"सुखी राहो बिचारं." मग माझा हात ओढून टोचलेली जागा त्यांनी अंगठ्यानं चोळली. "पण माया हिशेबानं हे तुयंच आहे. आता मीबी भित्री होतो की काय!"

ऑपरेशन नीट झालं. त्या घरी आल्या, हळूहळू गालांवर रंग चढला, जिन्यावरून हाका मारायला लागल्या. सासूबाई आम्हा दोघींच्या ताटात पालकाची भाजी वाढू लागल्या. नको म्हटलं तर रागावायच्या.

बऱ्याच काळानंतर शेजारच्या एका बाळंतिणीसाठी रक्त लागलं तेव्हा मी पुन्हा गेले. भीती तेवढीच होती. या वेळी जाऊबाई सोबत आल्या. माझ्या उशाशी बसल्या आणि सुई टोचणाऱ्या माणसाला विचारू लागल्या, "भैया, मेरा नहीं चलेगा क्या?"