नेरेइदाच्या मुंग्या कोणी नेल्या?

नेरेइदाचा विश्वास बसायला वर्षं लागत, उडायला एक शिंक पुरे. कॉफीची बरणी ती पलंगाखाली ठेवी, आणि मुलगी माहेरपणाला आली की झाकणावर बोटांचे ठसे शोधी. पण गावात कोणी आजारी पडलं, तर भाजलेली रताळी घेऊन सगळ्यांत आधी पोचायची तीच.

गेल्या वर्षी त्या रताळ्यांत सोंड्या भुंगा शिरला. सगळं पीक कडूजहर. डुकरांनीही तोंड फिरवलं. यंदाही तेच झालं, तर जमीन सोडून हवानाला बहिणीच्या दारात जायची वेळ होती.

म्हणून तिने नवऱ्याची रीत धरली. केळीच्या खोडाचे तुकडे साखरपाणी लावून बागेत सावलीला ठेवले. भुंग्याच्या अळ्या फस्त करणाऱ्या तांबूस मुंग्यांनी ते भरले, तसे पानांत गुंडाळून रताळ्याच्या वाफ्यांत नेऊन मांडले. जन्मभर तिचं काम खोड कापण्यापुरतं. पुढचं सगळं नवरा, इलारिओ, बघे, आणि तो जाऊन चार वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी बघते तर खोडं वाळून खडखडीत, मुंगी एक नाही. मातीत मात्र अनवाणी पावलं, उजव्याला अंगठा नसलेली. तसा पाय एकाचाच, शेजारच्या बाउदिलिओचा. आणि रताळी त्यानेही लावली होती.

मुंग्या गेल्याच, आता विषारी भुकटीच मारायची, असं ठरवून ती डबा घेऊन आली. बाउदिलिओ वाफ्यात ओणवा उभा.

"माझ्या मुंग्या कुठे नेल्यास?"

"नेऊ कशा? वेसण घालून?"

"खोडं रिकामी आहेत."

"असायचीच. ऊन लागलं की त्या खाली उतरून जमिनीत घर करतात. इलारिओ कधी बोलला नाही?"

"मग तू रोज इथे कशाला तडमडतोस?"

"अगं, तुझा भुंगा कुंपण बघून थांबतो का? तुझ्या मुंग्या टिकल्या तर माझंही पीक वाचेल." त्याची नजर डब्यावर गेली. "ते उघडू नकोस. आधी बूट काढ."

यात काहीतरी डाव आहे, असं धरूनच तिने बूट काढले, डबा काखेतच. थोडा वेळ काही नाही. मग घोट्याला एक चावा, मग दुसरा, मग मोजदाद संपली. नेरेइदा वाफ्यात जी थयथय नाचली, तशी स्वतःच्या लग्नातही नाचली नव्हती. डबा न उघडताच घरी गेला.

काढणीला पहिलं रताळं तिने तिथेच कच्चं चावलं. गोड होतं. दुसरं तिने बाउदिलिओला दिलं, आणि तो घास गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.