खळ्यावर बांधून घातलेला माणूस

आमचे हे भांडणाला भिणारे. बाजारात कुणी ढकललं तरी स्वतःच बाजूला होणार. म्हणून त्या दिवशी खळ्यावर जे झालं, ते आमच्या कळंब गावात बरीच वर्षं बोललं जात होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. यांच्या पायात भाताचं धसकट शिरलं आणि जखम चार महिने भरेना. कर्जतच्या डॉक्टरांनी लघवी तपासून मधुमेह असल्याचं सांगितलं. पाय तोडायची पाळी येण्याआधी आलात, म्हणाले. तेव्हा साखरेवर गोळ्या नव्यानंच मिळायला लागल्या होत्या. औषध चांगलं आहे, पण गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, असं त्यांनी बजावलं. घाम सुटला, हात कापू लागले, माणूस भलतंसलतं वागू लागला, तर लगेच साखर नाहीतर गूळ द्यायचा. यांचं सगळं लक्ष पायाकडे. ऐकलं ते मीच.

गोळ्यांनी गुण आला. दोन महिन्यांत जखम भरली. हे पुन्हा शेतात उभे राहिले.

मग झोडणी आली. सकाळी गोळी घेऊन हे खळ्यावर गेले. आभाळ भरून आलं होतं, म्हणून आधी भात आवरू, मग जेवू, असं ठरलं. दुपारी मी भाकऱ्या घेऊन पोचले तेव्हा हे भाताची पेंढी धरून नुसतेच उभे होते. सदरा घामानं चिंब. माझा धाकटा दीर वैतागून म्हणाला, "दादा, पिऊन आलायस का रं?"

यांनी पेंढी टाकली, शेजारचं दांडकं उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दीर खाली पडला तरी हे मारतच होते, पाठीवर, मानेवर. मी मध्ये पडले तर दांडक्याचं टोक माझ्या तोंडावर बसलं आणि दात तुटला. यांचे डोळे माझ्याकडेच होते, पण ओळख नव्हती.

झोडणीला आलेल्या चौघांनी यांना पाडलं. पडल्यावर लाथा घातल्या. खळ्याच्या मधल्या खांबाला, मेढीला, दोरानं आवळून बांधलं, तरी एकजण कानशिलात मारतच होता. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं झपाटलंय. यांच्या कपाळावरून रक्त आणि घाम एकत्र गळत होते. तो घाम बघून मला डॉक्टरांचे शब्द आठवले.

डब्यात भाकरीबरोबर गूळ होता. मी तो चुरडून यांच्या गालात सारला. यांनी माझी बोटं चावली, हाडापर्यंत. मी ओरडले नाही, दुसऱ्या हातानं गूळ चोळत राहिले. माणसं मला ओढत होती. मी म्हटलं, "मारू नका. ह्ये गोळीचं हाय."

थोड्या वेळानं यांचा जबडा सैल पडला. मग पाणी मागितलं. आणि म्हणाले, "मला बांधलंय कशाला?"

मी दोर सोडला, भाकरी भरवली. माझ्या तोंडातलं रक्त पाहून कुणी मारलं म्हणून त्यांनी विचारलं. दिरानंच पडल्या पडल्या सांगितलं.

डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. दीर म्हणाला, घरात त्या गोळ्या राहिल्या तर मी राहणार नाही. हे तर गोळ्या ओढ्यात टाकायला निघाले होते. मी आडवी आले. जखम कशानं भरली, ते मी पाहिलं होतं. त्या दिवसापासून ताट वाढल्याशिवाय मी त्यांच्या हातात गोळी दिली नाही. दीर वेगळा झाला. त्याचं हाड वाकडंच जुळलं. हे दोनदा त्याच्या दारात गेले, त्यानं आत घेतलं नाही.

सहा-सात वर्षांनी त्यालाच साखर निघाली. तो बायकोला घेऊन आला आणि यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "वयनी, मी पिसाळलो तर काय करायचं, ते हिला दाखवून ठेवा."

मी जावेला सगळं समजावलं. हे उठून आत गेले आणि दोघांसाठी पाट मांडले. त्या दिवशी भाऊ एका पंगतीला बसले.