बिनशेजाऱ्याचं स्थळ

धुरपताबाई थूल स्थळ पाहायला सांगून कधीच जात नाही. "सांगून गेलं का बापा, घरातली चादरही नवी असते अन् सासूही," असं तिचं म्हणणं. सेवाग्रामच्या आजूबाजूला कोणाच्या पोरीचं जमत आलं की आधी धुरपताबाईला गाठतात. ती भरदुपारी निघते, नवरदेवाच्या घरी जायचं सोडून त्याच्या शेजारणीकडे पाणी मागते, आणि गिलास रिकामा होईपर्यंत त्या घरातली आतबाहेरची खबर काढून घेते.

विहारात लग्न लागलं, लोक जेवून गेले, तरी तिचं काम संपत नाही. मग ती पोरीच्या बापाला म्हणते, "आता लेकीले चार दिवस घरी बोलाव." सासरच्यांनी हसत पाठवली तर घर चांगलं. 'आधी हे आणा, मग पाठवतो' असं म्हणाले, की धुरपताबाई पदर खोचून परत त्या गावाची वाट धरते.

अशा बाईच्या पोटच्या पोरानं तिला न विचारता एक स्थळ पक्कं करत आणलं होतं.

पोरगा प्रफुल्ल वर्ध्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याची बायको रोशनी सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी सुटली की ऑटोवाला सीट भरेपर्यंत हलत नाही, म्हणून ती रोज अर्धा जीव ऑटोत घालवते. तिच्या स्कुटीसाठी दोघांनी मिळून सत्तर हजार जमवले होते. रंगसुद्धा ठरला होता, निळा.

त्या संध्याकाळी रोशनीनं ताट वाढलं ते आदळूनच.

"काय झालं व?" धुरपताबाईनं विचारलं.

"माह्यी स्कुटी याईच्या मोबाईलात चालली, आई. विचारा तुमच्या लेकाले."

प्रफुल्लनं जेवता जेवता समजावलं. क्रिप्टो म्हणजे हातात धरता न येणारं नाणं. मोबाईलवरच घ्यायचं, मोबाईलवरच विकायचं. त्याच्या ओळखीच्या भैय्याजींनी एक ॲप दिलं होतं. पैसे एका मॅडमच्या नंबरवर टाकायचे, मॅडम नाणी घेऊन देते. त्यानं पाच हजार टाकले, आता बारा दिसत होते. उद्या स्कुटीचे टाकले की दिवाळीपर्यंत मोटारगाडीच.

नानाजी, म्हणजे धुरपताबाईचे मालक, भाकरी चावता चावता म्हणाले, "मंग मी मागच्या सीटवर बसन. समोर बसलं का मले मळमळते."

"तुमी गप बसा जी," धुरपताबाई म्हणाली आणि पोराकडे वळली. "घर कुठी आहे त्या लोकाईचं?"

"माय, ॲप आहे थे. त्याले घर नसते."

"बरं, घर नाई. शेजारी कोण?"

"शेजारी कसे राह्यतीन?"

"अरे, मंग खबर कोणाले विचारली तू?"

"भैय्याजीले."

"भैय्याजी त वरातीतला वऱ्हाडी आहे बापू. वऱ्हाडी लोक जेवणाची तारीफ करते, नवरदेवाची नाई. त्यानं तरी पैसे कधी घरी आणले का?"

प्रफुल्लनं घास तोंडाशीच धरला. भैय्याजींनी फक्त आकडा दाखवला होता.

"हात धू," ती म्हणाली. "अन् लेकीले बोलाव माहेरी. सगळी नको, दोन हजाराची बोलाव."

"आत्ताच काढले त वाढतीन कसे?"

"चार दिवस माहेरी आल्यानं कोणत्या पोरीचा संसार मोडला सांग मले."

प्रफुल्लनं कुरकुरत बटण दाबलं. लगेच निरोप आला: पैसे काढायचे तर आधी नफ्यावरचा कर म्हणून एकवीसशे रुपये भरा. तो म्हणाला, "पाह्य, करबी घेते. म्हणजे कायद्याचं काम आहे." आणि भरायलाच निघाला. रोशनीनं त्याचा हात धरला. धुरपताबाईनं मॅडमला फोन लावायला सांगितला आणि स्वतःच्या कानाशी घेतला.

"माताजी, टॅक्स भरिये, पैसा तुरंत आयेगा," मॅडम गोड आवाजात म्हणाली.

"बारा हजार तुम्हारे पास है ना बाई? उसीमेंसे काट लो, बाकी भेजो."

"ऐसा सिस्टम नहीं है, माताजी."

"हमारी लडकी तुम्हारे घर में, और उसको भेजने के लिये दहेज भी हमीच देना?"

तिकडून फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. थोड्या वेळानं ॲपही उघडेना, आणि त्यासोबत ते बारा हजारही गेले.

प्रफुल्ल भिंतीला टेकून बसला. स्कुटीचे सत्तर हजार मात्र बँकेत जागच्या जागी होते. रोशनीनं ताट उचललं, पण आदळलं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार तिनंच नोंदवली, आणि भैय्याजींनाही फोन करून सावध केलं. ते आधी चिडले, मग त्यांनीही तोच नंबर लिहून घेतला.

आता कोणालाही वाटेल, धुरपताबाईनं या नाण्याचं नाव टाकलं असेल. पण ती म्हणाली, "एक नवरदेव खोटा निघाला म्हणून पोरी घरी बसवाच्या काय? शेजाऱ्यावालं स्थळ पाह्य."

शेजारीण रोशनीच्याच वॉर्डात निघाली. मंजुषा सिस्टर दोन वर्षांपासून एका ॲपवर थोडं थोडं घेत होती, आणि बहिणीच्या फीच्या वेळी काढलंही होतं. धुरपताबाई अर्थातच न सांगता तिच्या घरी गेली, पाणी मागितलं. त्या कंपनीची केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंद होती, आणि ती यादी रोशनीनं सरकारच्याच साइटवर उघडून पाहिली. पॅन, आधार मागितलं. पैसे कुठल्या मॅडमला नाही, स्वतःच्या बँक खात्यातून जायचे आणि तिथंच परत यायचे.

प्रफुल्लनं पाचशेचं घेतलं. दुसऱ्या दिवशी तीनशेचं विकलं. सरकारचा एक टक्का कर त्यातूनच कापून बाकीचे खात्यात आले. आईनं मेसेज वाचून घेतला, दोनदा.

"पाठवली बापा त्याईनं," ती म्हणाली. "पण ध्यानात ठेवजो, नवरा चांगला निघाला म्हणजे वावरबी पिकनच असं नाई. गेले त दुखणार नाई, एवढेच टाकजो."

पुढच्या आठवड्यात निळी स्कुटी आली. प्रफुल्ल महिन्याला पाचशेचं नाणं घेतो, त्याहून जास्त नाही. परवा भाव पडला तर तो तोंड पाडून बसला. "माय, लेक बारीक झाली."

"बारीक झाली त होऊ दे. बोलावली का येते ना?" धुरपताबाई म्हणाली, आणि पदर खोचून रोशनीच्या मागे स्कुटीवर बसली. आर्वी रोडला एका गावात स्थळ होतं. अर्थातच, सांगितलं कोणालाच नव्हतं.