काखेतली बाटली

आमच्या ह्यांना दुसऱ्याला शिकवायची भारी खोड. स्वतःचं धड नाही, पण जगाचे मास्तर.

कारखान्यात ह्यांच्या खात्यात आर्सेनिक, म्हणजे सोमलाच्याच घराण्यातलं विष, ब्रोमीनमध्ये थोडंथोडं सोडत. त्यातून आर्सेनिक ब्रोमाइड निघे, फिकट पिवळं. खड्यांची पारख करणारे त्याचा रस भिंगाखाली वापरतात. खडा त्यात बुडवला की कडा किती पुसट होते, त्यावरून त्याची जात कळते. पण वस्तू मोठी नाठाळ. थंडीत गोठून दगड होई, अंगाच्या उबेला पातळ. दमट हवा लागली की बुचाशी आंबट धूर. म्हणून गोठलेली बाटली कोरड्या गरम वाळूत ठेवायचा नियम होता. त्यात सकाळ वाया जाई. ह्यांनी अक्कल लढवली आणि बाटली सदऱ्याच्या आत, काखेत धरली. चहा होईतो रस तयार. साहेबांनी पाठ थोपटली. मग काय, अख्खं खातं काखेत बाटल्या घेऊन फिरू लागलं. माझा धाकटा भाऊ तिथे लागला, त्यालाही ह्यांनीच शिकवलं.

पुढे ह्यांचे तळहात खरखरीत झाले, बोटं बधिर. काखेत जखम झाली ती भरेचना. कारखान्याचा डॉक्टर म्हणाला, घामोळं आहे, अंघोळ करत जा. मेल्याच्या जिभेला हाड नाही. मोठ्या दवाखान्यात तुकडा तपासला, तर कातडीचा कॅन्सर. साहेब म्हणाले, "नियमात काख कुठे आहे?" पाठ थोपटताना साहेबांचा नियम काय झोपला होता?

ह्यांना स्वतःचं काही वाटेना. भावाला सोडवायचा, एवढाच ध्यास. निरोपावर निरोप धाडून त्याला घरी बोलावलं.

"बाटली काखेत धरू नकोस. वाळूतच ठेव," हे म्हणाले.

भाऊ हसला. "दाजी, तुम्हीच शिकवलंत ना? आता वाळूत ठेवली तर साहेब म्हणतात, दाजींपेक्षा मंद आहेस."

ह्यांनी सदरा काढला, पट्टी सोडली. वास आला. मी खिडकी उघडायला वळले.

भावाने जखम बघितली. मग खाली मान घालून म्हणाला, "ताई, मलाही तिथे गाठ आलीय. मला वाटलं, केसतूड असेल."

ह्यांनी त्याच्या सदऱ्याची बटणं सोडायला घेतली.