काचेवरचा शेंदूर

नानांची मोटरसायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि माझ्यापेक्षा लाडकी. बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे दिवा मुळातच यथातथा. गाडी पळाली की उजेड, हळू झाली की काजवा. नाना पहूरच्या शाळेत शिक्षक, आम्ही राहायला जळगावात. दहावीचे जादा तास उरकून ते निघेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडायचा. रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्या, त्यांच्या मागे ना कंदील ना काही.

अशाच एका बैलगाडीवर आदळता आदळता नाना वाचले आणि कोपर सोलून घरी आले. आईने त्याचा धसकाच घेतला. ते येईपर्यंत ती फाटकाशी उभी राहायची, जेवायची नाही, आमचं बोलणं तिच्या कानातही शिरायचं नाही. मग तिनेच तोड काढली. दिवा म्हणजे गाडीचा डोळा, तो मारुतीने सांभाळावा. दर शनिवारी देवळातून ती बोटावर शेंदूर घेऊन यायची आणि हेडलाइटच्या काचेवर टेकवायची. त्यानंतर ती वेळेवर जेवायला लागली, झोपायलाही लागली. मारुतीने आमच्या घरी निदान एवढं तरी नक्की केलं.

पण शेंदूर तेलात कालवलेला, तो थोडाच उडून जाणार? एका बोटावर दुसरं बोट चढत गेलं, त्यावर रस्त्याची धूळ बसली आणि गाडीच्या डोळ्यात चांगला मोतीबिंदू वाढला.

नानांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने बल्ब बदलला, बॅटरी बदलली, वायरींची गंजलेली टोकं घासली. कॉलेजातून येताना मी तिथे थांबले होते. सगळं करून झाल्यावर मिस्त्रीने फडकं हातात घेतलं.

"सर, काच पुसून घेऊ का?"

"काचेला हात लावू नको," नाना म्हणाले.

विज्ञान शिकवणारा माणूस हा! मला हसू आवरेना. घरी येईपर्यंत मी त्यांना चिडवत होते आणि ते मुकाट्याने ऐकून घेत होते.

पुढे शाळेच्या गॅदरिंगला मी पहूरला गेले आणि संध्याकाळी त्यांच्या मागे बसून परत निघाले, तेव्हा ते हसू कुठल्या कुठे पळालं. समोर केशरी धुकं, त्यापलीकडे काळोख. कापसाची बैलगाडी दिसली ती अगदी अंगावर आल्यावर. नानांनी गाडी रस्त्याखाली घातली आणि आम्ही गवतात थांबलो. लागलं कुणालाच नाही. घरी काही बोलू नकोस, एवढंच ते म्हणाले.

मी बोलले. घरात पाऊल टाकल्या टाकल्या सगळं आईला सांगून टाकलं, काचेबद्दलही. नानांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आई उठली आणि रॉकेलचा बोळा घेऊन अंगणात गेली. पाठमोरी बसून ती काच पुसत राहिली. तिचं माहेर नरडाण्याकडचं, मन भरून आलं की तिच्या तोंडी तिकडचीच बोली यायची.

"मंग माले का बरं नही सांगं?"

नाना अंगणात तिच्यामागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "उजेड कमी झाला होता. पण तू जेवायला लागली होतीस."

आईने पदराने काच आणखी एकदा पुसली. खरं तर तिथे आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शनिवारी ती देवळातून आली, बोटावर शेंदूर होताच. नाना गाडीला किक मारत होते. ती हेडलाइटसमोर बोट धरून क्षणभर उभी राहिली, मग वळली आणि तेच बोट तिने नानांच्या कपाळाला लावलं. नानांनी जन्मात कधी गंध लावलं नव्हतं. वर्गातली पोरं हसणार, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा दिव्याचा लख्ख उजेड फाटकावर पडला, आणि शेंदूर कपाळावर तसाच होता.