गोंदणाखालची शीर

सरक ग जवळ, पोरी. आल्यापासून नुसती घड्याळ बघतेस! मागं मी धुळ्याला दवाखान्यात होते ना, तिथं साक्रीकडची एक नर्स होती. माझ्या हातावर हे एवढं गोंदण, शीर कोणाला दिसेना. तिनं डोळे मिटले आणि बोटानं चाचपत बसली.

मी म्हटलं, "झोपी गयी का माय?"

ती हसली. "गोंदलेल्या हातात शीर डोळ्यांनी सापडत नाही, अक्का. हे कॉलेजात नाही, इथं येऊन शिकले."

सलाइन सुरू झालं, तरी माझा हात सोडेना. म्हणाली, "माझ्या आईचा हात असाच आहे. दिवाळीपासून धरला नाही. सुट्टीच मिळत नाही."

तिचा तळवा गरम होता. मला तूच आठवलीस.

जा, अडवत नाही. पण लवकर ये ग.